म्हैस विकल्यानंतरचं गवत

आमच्या बोरी गावात बाई रस्त्यानं चालताना दिसली, की लोक आधी तिच्या हाताकडे बघतात. हातात डबा असेल तर शेतावर निघाली, पिशवी असेल तर बाजारला, झाकलेलं ताट असेल तर कुणाच्या तरी घरी काही कार्य आहे. हात रिकामे असतील तर मात्र दोनच कारणं: कुणीतरी गेलंय, नाहीतर ही नवऱ्याशी भांडून माहेरी निघालीय. तिसरं कारण अजून कुणी मान्य केलेलं नाही. मी ते मान्य करून घ्यायला गेले आणि माझी जी फजिती झाली, ती लिहायला बसलेय. बसलेय हेही तितकंसं खरं नाही. चार ओळी झाल्या की उठते, अंगणात फेरी मारते, परत येऊन बसते.

मी शिलाईकाम करते. ब्लाऊज, परकर, शाळेचे ड्रेस, लग्नसराईत जरा वरकमाईचं काम. अठरा वर्षं पायाच्या मशीनवर बसले. सकाळी हापशावरून पाणी, म्हशीचं शेण-वैरण, स्वयंपाक, आणि मग दिवेलागणीपर्यंत पायडल. गुडघे दुखायचे, कंबर धरायची, मी कुरकुर करायचे. आता सांगते, तेव्हा रात्री पाठ टेकली की मला कसलीच शुद्ध राहत नसे.

मग एका वर्षात आमच्या घरी सुखाची रांग लागली. दाराशी नळ आला. म्हैस म्हातारी झाली होती, ती विकली. आणि नवऱ्यानं परभणीहून मशीनला लावायची मोटर आणली. स्वतः खाली पालथा पडून त्यानं ती बसवली, पट्टा ओढून बघितला, हात पुसत म्हणाला, "आता निस्ता पाय टेकव. गुडघ्याचं दुखनं गेलं म्हन." माझा नवरा तोंडानं गोड बोलणाऱ्यांतला नाही. त्यामुळे त्या मोटरीचं मला फार कौतुक होतं, येईल त्या बाईला मी ती दाखवायचे.

पावसाळा संपता संपता सुरू झालं. दुपारी तीनच्या सुमाराला, काही कारण नसताना, छातीत धडधडायचं. हातापायाला मुंग्या. घसा कोरडा. वाटायचं, काहीतरी झालंय आणि मला कुणी सांगत नाहीय. नवरा रानात औषध फवारायला गेला की तो बांधावर पडलेला दिसायचा. पोरगी कॉलेजला गेली की बसचं काहीतरी झालेलं दिसायचं. गॅसचं बटण बंद केलं का म्हणून उठायचं, बघायचं, येऊन बसायचं, आणि बघितलं होतं ते खरंच बघितलं होतं का म्हणून परत उठायचं. एका दुपारी मी मोजलं नाही, पण एक बाही शिवून होईना इतक्यांदा उठले. रात्री डोळे मिटायचे आणि आतमध्ये कुणीतरी जागंच राहायचं.

एका नवरीच्या आईचा ब्लाऊज होता. दोन्ही बाह्या मी एकाच हाताच्या कापल्या. शिकाऊ पोरीही हे करत नाहीत, पहिल्या महिन्यातच त्याबद्दल बोलणी खाऊन मोकळ्या होतात. त्या दोन डाव्या बाह्या मांडीवर घेऊन मी बसले आणि मला रडू फुटलं. कापड वाया गेलं म्हणून नाही. मला माझी आत्या आठवली म्हणून.

माझं माहेर चारठाण्याचं. तिथं आमच्या ओसरीच्या उंबऱ्याशी आत्या बसलेली असायची. लुगड्याचा काठ दुमडायची, सोडायची, परत दुमडायची. तिच्या डोक्यावर परिणाम झालाय असं सगळे म्हणायचे, आणि सगळे तिच्याशी फार चांगले वागायचे. तिला पाणी आणू देत नसत. दळू देत नसत. शेतात नेत नसत. "तिचं डोकं नाजूक हाय, तिला काम लावू नगा." कधीतरी ती कात्री घेऊन काही कापायला बसली तर माझी आई येऊन हळूच कात्री काढून घ्यायची. अकरा वर्षं ती तिथं बसली. आम्ही पोरं तिच्या पायावरून उड्या मारून आत-बाहेर करायचो. ती कधी रागावली नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती त्याचीच.

नवऱ्यानं मला परभणीला डॉक्टरीण बाईंकडे नेलं. छातीची पट्टी काढली. बाईंनी ती लांबलचक पट्टी बघून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, मनाला धास्ती बसलीय, घाबरायचं कारण नाही. काही महिने घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. आणि पेन खाली ठेवून म्हणाल्या, "रोज चालायचं. रमतगमत नाही, घाम येईपर्यंत. गोळी चुकवायची नाही तसं हेही चुकवायचं नाही."

बसमध्ये येताना नवरा म्हणाला, "गोळ्या घे अन् आराम कर." बाईंचं बोलणं त्यानं अर्धंच ऐकलं होतं. उरलेलं अर्धं त्याला दवाखान्यातलं बोलणंच वाटलं नसावं. चालायला कुणी पैसे घेऊन सांगतं का?

आणि मग घरानं माझ्यावर माया करायला सुरुवात केली. शेजारची माझी जाऊ दोन्ही वेळच्या भाकरी टाकून देऊ लागली. पोरगी धुणं आटोपून कॉलेजला जायची. नवरा घागरी भरून ठेवायचा, झाडून काढायचा, आणि तोंडानं एकच, "तू बस." मशीनवर बसले तर मोटर होतीच, तिथंही पाय नुसता टेकवायचा. मला बाजेवर बसवून सगळे आपापल्या कामाला जायचे आणि मी बाजेच्या नवारीची पट्टी बोटाला गुंडाळायचे, सोडायचे, परत गुंडाळायचे. एकदा माझं मलाच ते दिसलं. मी ताडकन उठले आणि घरात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. जाऊ दारातून बघत होती. ती म्हणाली, "माय वं, बस की गं जरा. किती हैराण व्हशील?"

पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. आमच्याकडे आता बऱ्याच पोरी करतात. पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पळायचं, आठशे मीटरची वेळ लावायची, रिकाम्या प्लॉटवर गोळा फेकायचा. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी जायच्या. त्यातल्या एकीचं लग्न झालं, दुसरी परभणीला राहायला गेली. पोरगी एकटी उरली. एकटीनं अंधारात पळायचं म्हटल्यावर माझ्या डोक्यात काय काय चालू झालं ते लिहीत नाही.

"तू पळायला जायचं न्हाई," मी सांगून टाकलं.

"काहून?"

"माझा जीव थाऱ्यावर राहत न्हाई."

ती बुटाच्या नाड्या बांधत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग तू बी चल. डोळ्यापुढंच राहीन तुझ्या."

पहिल्या पहाटे तिनं मला ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसवलं, हातात मोबाईल दिला आणि वेळ कशी लावायची ते शिकवलं. ती पळाली. बुटांचा आवाज लांब लांब गेला. पुढं रस्ता एका उसाच्या फडाला वळसा घालतो. त्या वळणावर ती दिसेनाशी झाली. मोबाईलवर आकडे पळत होते आणि वळणावर कुणीच नव्हतं. मी पोरीच्या वेगानं नाही, त्याच्या दसपट वेगानं सगळं बघून टाकलं: उसातून कोण आलं, ती कशी पडली, मी पोलिसांना काय सांगतेय. कठड्याचा मला चटका बसल्यासारखं झालं. मी उठले आणि वळणाकडे निघाले. अर्ध्यात पोचले तेवढ्यात ती समोरून पळत आली, धापा टाकत, घामाघूम, धडधाकट. "मम्मी, बसायचं सोडून कुठं चाललीस? टाइम कोन बघनार?"

वेळ बघणं तिथंच बारगळलं. दुसऱ्या दिवशी मी बसलेच नाही. ती पळायला लागली की मी तिच्यामागं चालू लागायचे. मला एवढंच हवं होतं, की ती वळणावरून परत फिरायच्या आत मी वळणापाशी पोचलेली असावी. तिचा वेग वाढायचा तसा मला माझा वाढवावा लागायचा. चप्पल निसटायची म्हणून तिचे जुने बूट घातले, नऊवार नाही पण साडी तर होतीच, ती वर खोचली. म्हणजे मी काही तब्येत सुधारायला चालत नव्हते. भीतीनंच मला चालवलं. लोक याला व्यायाम म्हणतात हे मला बऱ्याच दिवसांनी समजलं.

आणि चौथ्या की पाचव्या दिवशी मोटारसायकल थांबली. आसपासच्या वस्त्यांवरचं दूध गोळा करून गावात डेअरीवर घालणारा माणूस होता, दोन्हीकडे कॅन लटकलेले. त्यानं माझ्या रिकाम्या हाताकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "वैनी, कोन गेलं?"

"कुनी न्हाई."

"मग बसा की. सोडतो. कुठं चाललाव?"

आमच्याकडे चालणाऱ्याला गाडीवर घेणं ही रीतच आहे. न थांबता पुढं जाणारा माणूस माजला म्हणतात, आणि 'बसा' म्हटल्यावर न बसणारा रुसला म्हणतात. मी म्हणाले, इथंच शेतात. तो म्हणाला, तुमचं शेत तर पलीकडच्या अंगाला. मी काहीतरी पुटपुटले आणि चालू लागले. तो बराच वेळ गाडी हळू हळू माझ्या मागे आणत राहिला.

दुपारपर्यंत नवऱ्याच्या कानावर गेलं. "मी मेलोय का गाडीवर सोडायला?" तो म्हणाला. "दारात गाडी असून बायकोला पायी हिंडवायलाय म्हनतेत मला." त्याला खरंच लागलं होतं. मी त्याला डॉक्टरीण बाईंचं सांगितलं, तर म्हणाला, चालायचंच असलं तर अंगणात चाल. आमचं अंगण या कडेवरून त्या कडेला थुंकता येईल एवढं आहे.

मग मी आपली अक्कल चालवली. दुसऱ्या दिवशी विळा आणि रिकामं पोतं घेऊन निघाले. काय सांगू, जादू झाल्यासारखं झालं. लोक हाताकडे बघायचे, विळा दिसायचा, मान हलवून पुढं जायचे. दूधवाल्यानंही एक-दोनदा नुसता हात केला. पोत्याला वजन हवं म्हणून परत येताना बांधाचं चार मुठी गवत कापायचे, ते जावेच्या शेळ्यांपुढं टाकायचे. शेळ्यांना चटक लागली. जाऊ म्हणू लागली, "बाई, रोज आनायलीस तर जरा जास्तच आन की."

या सगळ्या लबाडीत दोन-तीन महिने गेले आणि माझ्यात काहीतरी हललं. एकदम नाही. आज बरं वाटायचं, उद्या परत दुपारी छाती धडधडायची, मी म्हणायचे, काही उपयोग नाही, परवा तरीही उठायचे कारण पोरीला जायचं असायचं. पण एक दिवस अकरा वाजता मला भूक लागली. खरी, पोटातली भूक. जावेची वाट न बघता मी स्वतः भाकरी थापली, उभ्यानं खाल्ली. एकदा संध्याकाळी लक्षात आलं, की दिवसभर गॅस बघायला उठलेच नाही. ते लक्षात आल्यावर मात्र उठून बघून आले, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी लाईट गेली. काम घाईचं होतं. मी मोटरीचा पट्टा काढला, जुना पट्टा चाकावर चढवला आणि पायडल मारायला लागले. काही वेळानं कळलं, की तीन वाजून गेलेत आणि छाती गप्प आहे. पाय खाली जात होता, वर येत होता, आणि डोक्यातली सगळी माणसं आपापल्या जागेवर बसली होती. अठरा वर्षं मला जे मिळत होतं, ते आम्ही दोघांनी मिळून, कौतुकानं, काढून टाकलं होतं. संध्याकाळी नवरा आला, त्यानं सुटलेला पट्टा बघितला. "मोटर बिघडली का?" मी म्हणाले, न्हाई, लाईट नव्हती. लाईट येऊन दोन तास झाले होते. त्याचं तोंड बघून मला खरं बोलवलं नाही.

खोटं बोलायची अशी सवय लागली की कधीतरी जीभ दगा देते. भरतीचं मैदान तीन आठवड्यांवर आलं होतं. पोरगी वळणाच्या पलीकडे पळत होती, मी बांधावर वाकून गवत कापत होते. मोटारसायकल थांबली. दूधवाला गाडी बंद करून म्हणाला, "वैनी, एक इचारू का? तुमची म्हस मीच गिऱ्हाईक आनून इकून देली. मग ह्ये गवत कुनाला ओ?"

मी जावेच्या शेळ्या म्हणू शकले असते. तेच तर खरं होतं! पण धरले गेल्यासारखी मी गडबडले आणि तोंडातून निघालं, "म्हशीला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बरं बरं. कापा." आणि गाडी ढकलतच थोडी पुढं नेली, मग सुरू केली. तो मऊ आवाज मी चारठाण्याला फार ऐकला होता.

आठ वाजेपर्यंत गावभर झालं. विकलेल्या म्हशीसाठी गवत कापायलीय, रोज पहाटे, पायात पोरीचे बूट घालून. जाऊ मीठ-मिरच्या घेऊन आली, माझ्यावरून उतरवल्या, चुलीत टाकल्या आणि डोळे पुसू लागली. नवरा दुपारीच घरी आला. तो ओरडला असता तर मी चार शब्द बोलले असते. तो बाजेच्या कडेवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आता घराच्या भाईर पडायचं न्हाई. सोमवारी जाऊन गोळ्या वाढवून आनू."

कापायला घेतलेलं कापड पुढं होतं, मी कात्री उचलली. पोरगी माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, मी न्हाई जात भरतीला. मम्मीपाशी कोन राहील?" आणि बोलता बोलता तिनं माझ्या हातातून हळूच कात्री काढून घेतली. "राहू दे मम्मी. लागंल तुला."

मला इतका राग आला, जितका आजवर कशाचाच आला नव्हता. तिच्यावर नाही, नवऱ्यावर नाही. ती जी माया आहे ना, हातातली वस्तू हळूच काढून घेणारी, तिचा राग आला. पोरगी माझ्यापायी घरी बसणार, माझ्या उशाशी, आणि तिलाही एक दिवस कुणीतरी हळूच बसवणार. मी कात्री तिच्या हातातून परत घेतली. "तू भरतीला जायलीस," मी म्हणाले. "आन् मी चालायलेय. उद्या बी."

दुसऱ्या पहाटे विळा घेतला नाही. पोतं घेतलं नाही. पोरीला पळायला पाठवलं आणि आधी डेअरीकडे वळले. तिथं त्या वेळेला पाच-सात माणसं कॅन घेऊन उभी असतात, शेजारी चहा उकळत असतो. मला बघून बोलणं बंद झालं. बसले असते तर उठले नसते, म्हणून उभीच राहिले.

"म्हस इकली ते मला ठाव हाय," मी दूधवाल्याला म्हणाले. "गवत शेळ्याला न्यायले. अन् खरं सांगायचं तर गवतासाठी बी जात न्हवते. मला चालायला लागतंय. न्हाई चाललं तर जीव घाबरा व्हतो. तुमी उद्यापासून मला बसा म्हनू नगा."

मग एक म्हातारा, भला माणूस, मला वाट काढून द्यायला म्हणाला, "शुगर हाय का माय? आसंल तर चालावं लागतंच. आमच्या सूनबाईला बी सांगितलंय."

सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. शुगर! शुगरसाठी चालणं चालतं. शुगरला कुणी हसत नाही, कुणी मिरच्या उतरवत नाही, मऊ आवाजात बोलत नाही. मला नुसती मान हलवायची होती. जन्मभर पुरलं असतं ते. आणि विळ्यापेक्षा हलकं.

"न्हाई आबा," मी म्हणाले. "शुगर न्हाई. मनाचं दुखनं हाय."

एवढं बोलून मी वळले आणि वळणाकडे इतकी भराभर चालत गेले, की पोरगी परत फिरायच्या आधी पोचले.

गाव लगेच सुधारलं असं काही नाही. काही बाया माझ्याकडे ब्लाऊज टाकायच्या थांबल्या. काही मात्र माप द्यायच्या निमित्तानं येऊन, टेप छातीभोवती असताना, हळूच विचारू लागल्या, की तुमाला नेमकं कसं व्हायचं ओ? नवरा आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. त्याची लाज मला दिसत होती आणि मी त्याला त्यात मदत करू शकत नव्हते. पोरगी मात्र भरतीला गेली. मैदानावर ती चांगली निघाली, लेखीत थोडक्यात राहिली. तिनं परभणीला राहून परत अभ्यास करायचं ठरवलं. जाताना पिशवी खांद्यावर अडकवून म्हणाली, "रोज फोनवर सांगायचं, चाललीस का न्हाई. न्हाई चाललीस तर मी परत येनार." ती गंमत करत नव्हती. माझी पोर आहे, बोललेलं करते.

ती गेल्यावरची पहिली पहाट मला लख्ख आठवते. पुलावर आले तर पुढं कुणाच्या बुटांचा आवाज नाही. कुणाच्या मागं चालायचं? कुणासाठी भ्यायचं? तीनदा परत फिरले, तीनदा पुलापर्यंत आले. छाती परत पहिल्यासारखी करू लागली. संध्याकाळी तिचा फोन येणार होता आणि मला तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. शेवटी निघाले. वळणापाशी पोचले, आणि लक्षात आलं, की इतक्या महिन्यांत मी वळणाच्या पलीकडे कधी गेलेच नव्हते. माझं काम तिथंच संपायचं. मी वळसा घातला. पलीकडे तसाच रस्ता होता, दोन बाभळी, एक बंद पडलेली वीटभट्टी. याच्यावरून मी इतकं भ्यायले होते.

मागून मोटारसायकलचा आवाज आला. न बघताच म्हणाले, "मी बसनार न्हाई."

"बस म्हनलंच न्हाई," नवरा म्हणाला.

तो बराच वेळ गाडी माझ्या शेजारून पायावर रेटत चालवत राहिला. इंजिन सारखं बंद पडायला बघत होतं. बायको पायी आणि आपण गाडीवर हे त्याला जमेना, आणि गाडी सोडून येणंही जमेना. शेवटी त्यानं गाडी बंद केली, उतरला आणि हँडल धरून माझ्याबरोबर चालू लागला. चढ होता. त्याला धाप लागली.

समोरून कॅन घेऊन दूधवाला आला. थांबला. माझ्याकडे बघितलं नाही, नवऱ्याकडे बघितलं. "काय ओ, पेट्रोल संपलं का? माझ्या गाडीतलं काढून देऊ?"

मी खाली बघत चालत होते. मला माहीत होतं, आता हा हो म्हणणार. म्हणू दे, मला वाटलं. मी तीन महिने विळा मिरवला, त्याला एवढं तरी मिळावं.

"पेट्रोल हाय," नवरा म्हणाला. मग घाम पुसला. "पोरगी जायचं ठरल्यापासून मलाबी झोप न्हाई. म्हनलं चालून बघावं."

मी त्याच खोलीत झोपते. मला माहीत नव्हतं.

दूधवाल्यानं नुसती मान हलवली. नवरा गाडी रेटायला लागला. मी मागं गेले, कॅरियरला दोन्ही हात लावले आणि ढकलायला लागले.